आधी भाषा नेली, मग युनियन नेली!

बेलारूसच्या कामगारांची कहाणी आणि तिचा धडा

"भाषेने काय पोट भरते?" असा सवाल टाकून मिशीला पीळ भरणारे शहाणे सगळ्या देशांत असतात. मालकाच्या पेढीवर हा सवाल ऐकू येतो, सरकारी कचेरीत ऐकू येतो, आणि कधी कधी आपल्याच खात्यातला एखादा थकला-भागला साथीही तोच सवाल करतो. "आधी पगाराचं बोला, भाषेचं मागनं बघू," असे तो म्हणतो. त्याच्यावर आम्ही रागावणार नाही. पोटात आग पडलेल्या माणसाने पोटाचे आधी बोलावे यात गैर काय? पण भाकरीची लढाई वेगळी आणि भाषेची वेगळी, असे जे त्याला शिकवले गेले आहे ते खोटे आहे. ते खोटे कसे, याचा दाखला युरोपातल्या एका देशाने आपल्या पाठीवरच्या वळांनी दिला आहे. त्या देशाचे नाव बेलारूस.

रशियाच्या पश्चिमेला आणि पोलंडच्या पूर्वेला हा देश वसला आहे. चारी बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश. वस्ती नव्वद लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईत याहून जास्त माणसे राहतात. पण हा देश कामगारांचा आहे. ट्रॅक्टर, खाणीतले राक्षसी डंपर, जवसाच्या धाग्याचे कापड, खतासाठी लागणारे पोटॅश, हे सारे तिथले कामगार करतात. ते पोटॅश भारतानेही वर्षानुवर्षे विकत घेतले आहे. तेव्हा ही परक्यांची कहाणी म्हणून पान उलटू नका.

कुणब्याची बोली आणि फासाचा दोर

बेलारूसी भाषेला पूर्वपरंपरा नाही, ती रशियनचीच खेडवळ तऱ्हा आहे, असे तिचे वैरी सांगत आले. साफ खोटे! सोळाव्या शतकात लिथुआनियाच्या महासंस्थानाचे कायदे १५२९, १५६६ आणि १५८८ असे तीनदा लिहिले गेले, आणि ते ज्या भाषेत लिहिले गेले ती आजच्या बेलारूसीची आजी. पोलोत्स्क गावच्या फ्रांत्सिस्क स्कारीनाने १५१७ मध्ये प्राग शहरात छापखाना घालून या मुलखातल्या माणसांसाठी पुस्तके छापली. पुढे सरदार-दरकदारांनी पोलिश भाषा जवळ केली. १७७२ ते १७९५ या काळात तीन लचके तोडून रशियाच्या बादशाहीने हा मुलूख गिळला. वाड्यात पोलिश, कचेरीत रशियन, आणि बेलारूसी उरली ती कुळाच्या झोपडीत.

त्या झोपडीतल्या बोलीला बंडाची धार लावली ती कास्तुस कालिनोवस्की नावाच्या तरुणाने. 'मुझित्स्काया प्रावदा', म्हणजे 'कुणब्याचे सत्य', या नावाचे पत्रक त्याने चोरून छापले आणि गावोगाव पोचवले. १८६१ मध्ये झारने शेतकऱ्यांना वेठबिगारीतून मोकळे केले म्हणून डंका पिटला होता. मोकळे केले, पण जमिनीची किंमत मात्र त्यांच्याच बोकांडी बसवली. ही फसवणूक कालिनोवस्कीने कुणब्याला कुणब्याच्या भाषेत समजावली. हाच त्याचा खरा गुन्हा! १८६३ चे बंड मोडले आणि मार्च १८६४ मध्ये विल्नियस शहराच्या चौकात त्याला फासावर चढवले. वय अवघे २६. शिक्षा वाचताना त्याच्या नावामागे सरदारकीचा किताब लावला, तेव्हा "आमच्यात सरदार कोणी नाही, सारे समान आहेत," असे तो फासाखालून ओरडला, असे सांगतात.

त्याची हाडे २०१७ मध्ये विल्नियसच्या टेकडीत सापडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इतमामाने त्यांना मूठमाती दिली, तेव्हा बेलारूसमधून हजारो माणसे पांढरा-लाल-पांढरा झेंडा घेऊन गेली. दीडशे वर्षांपूर्वी पुरलेला माणूस लोक विसरले नव्हते. का विसरतील? तो त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलला होता.

पाटीवर कामगारांचे राज्य

२५ मार्च १९१८ रोजी मिन्स्क शहरात बेलारूसी लोकप्रजासत्ताकाने स्वातंत्र्य जाहीर केले. शहरात जर्मन फौज होती, प्रजासत्ताकाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. वर्ष सरायच्या आत लाल सैन्य आले, आणि १ जानेवारी १९१९ रोजी सोव्हिएत बेलारूस जाहीर झाला. १९२१ च्या तहाने पश्चिमेचा भाग पोलंडला गेला.

आता जे सांगतो ते लाल बावट्याखाली लढलेल्या साथींनी अधिकच ध्यान देऊन वाचावे. सोव्हिएत बेलारूसची सुरुवात चांगली होती. १९२० च्या दशकात बेलारूसी, रशियन, पोलिश आणि ज्यूंची यिद्दिश अशा चार भाषांना तिथे राजभाषेचा मान होता. 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही घोषणा राज्याच्या चिन्हावर चारही भाषांत लिहिलेली होती. बेलारूसी शाळा निघाल्या, कवी उभे राहिले. पण १९३० च्या दशकात स्टालिनच्या कारभाराने हीच माणसे वेचून काढली. २९ ऑक्टोबर १९३७ च्या एका रात्रीत शंभरावर लेखक, अध्यापक आणि कारभारी मिन्स्कमध्ये गोळ्या घालून मारले गेले. गुन्हा काय, तर 'राष्ट्रवाद'! नुसते कवीच मेले असेही नाही. मिन्स्कजवळच्या कुरापातीच्या रानात हजारो साध्या माणसांची थडगी होती. झेनोन पाझ्न्याक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८८ मध्ये ती उजेडात आणली, तोवर पन्नास वर्षे सरकार गप्प होते.

आमचा सवाल सरळ आहे. पाटीवर 'कामगारांचे राज्य' लिहिले म्हणून राज्य कामगारांचे होते काय? ज्या राज्यात कामगाराला आपल्या भाषेत 'नाही' म्हणता येत नाही, ते राज्य कामगारांचे कसे?

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजांनी गावेच्या गावे जाळली आणि या देशाने चौघांमागे एक माणूस गमावला. त्यातून लोक उठले, कारखाने उभारले. पण खेड्यातून शहरात आलेल्या कामगाराने कारखान्याच्या दारात बेलारूसी तोंडातून काढली की त्याला 'खेडवळ' म्हणून हसत. १९८० च्या दशकात राजधानीत बेलारूसी माध्यमाची शाळा शोधून सापडत नव्हती. आणि २६ एप्रिल १९८६ रोजी शेजारच्या युक्रेनमधले चेर्नोबिलचे अणुकेंद्र फुटले, तेव्हा त्याच्या विषारी राखेचा मोठा वाटा बेलारूसवर पडला. देशाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक जमीन नासली. सरकारने लोकांपासून ते लपवले. आपले मरणही आपल्याला कोणी सांगत नाही, हे त्या दिवशी लोकांना कळले.

एप्रिल १९९१ : भोंगा वाजला, पण साचे थांबले

जानेवारी १९९० मध्ये लोकांच्या रेट्याने कायदा झाला आणि बेलारूसी ही एकमेव राजभाषा ठरली. भाषावाल्यांनी आपली बाजू मारली होती. कामगारांची पाळी पुढच्या वर्षी आली.

२ एप्रिल १९९१ रोजी मॉस्कोच्या सरकारने भाव वाढवले. एका रात्रीत जिन्नस दोनतीन पट महागले, कारखान्याच्या कॅन्टीनमधले जेवणसुद्धा. दुसऱ्याच दिवशी मिन्स्कचे कामगार बाहेर पडले. ४ आणि १० एप्रिलला कारखान्यांमागून कारखाने बंद पडले आणि हजारोंच्या झुंडी मध्यवर्ती लेनिन चौकात येऊन धडकल्या. पहिल्या दिवशी मागणी पगाराची होती. आठवडा उलटायच्या आत ती कुठे पोचली पाहा : सरकारने राजीनामा द्यावा, नव्या निवडणुका घ्याव्यात, कारखान्यातून पक्षाच्या कमिट्या हलवाव्यात! ओर्शा या गावी जवसाच्या कापडाची मोठी गिरणी आहे आणि मॉस्कोकडे जाणारा हमरस्त्याचा रेल्वेमार्गही तिथूनच जातो. २४ एप्रिलला तिथल्या कामगारांनी रुळांवर बसून तो मार्ग रोखला. ज्या बेलारूसला सारे 'गरीब, मुकाट प्रांत' म्हणत, तो प्रांत बोलू लागला.

चार महिन्यांनी मॉस्कोतले बंड फसले आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी बेलारूसच्या विधिमंडळाने स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केले. सप्टेंबरात पांढरा-लाल-पांढरा झेंडा राष्ट्राचा झाला. त्या विधिमंडळात जुन्या पक्षाचेच बहुमत होते. मग त्यांना स्वातंत्र्याचा एवढा पुळका कुठून आला? आमचे मत स्पष्ट आहे : एप्रिलमध्ये चौकात उभे राहिलेले कामगार त्यांच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते!

पण इथेच घात झाला. चौकात आलेला कामगार परत खात्यावर गेला आणि भाषेचा कैवारी परत लेखणीकडे गेला. दोघांची गाठ पक्की बसलीच नाही. पुढची तीन वर्षे महागाईने माणसांना सोलून काढले. बचतीची माती झाली. भाषेच्या पुढाऱ्यांनी शाळा, झेंडा, इतिहास यांवर उत्तम भाषणे केली, पण "या महिन्याचा पगार पुरंल का?" या सवालावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

आधी भाषा, मग युनियन

ते उत्तर घेऊन एक माणूस आला. सरकारी शेतीचा माजी मॅनेजर, अलेक्सांद्र लुकाशेंको. "चोरांना धरतो, कारखाने चालू करतो," असे म्हणत जुलै १९९४ मध्ये दुसऱ्या फेरीत ऐंशी टक्के मते घेऊन तो राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांनी भाकरीसाठी मत दिले होते. साहेबांनी हात कुठे घातला? भाषेवर!

जगात मोठ्या भाषा दोनच, रशियन आणि इंग्रजी, बेलारूसीत काही थोर सांगताच येत नाही, अशा अर्थाचे बोल त्याच वर्षी त्याने जाहीरपणे काढले. एप्रिल १९९५ मध्ये विरोधी आमदार सभागृहात उपोषणाला बसले, तेव्हा रात्री हत्यारी शिपायांनी आत शिरून त्यांना मारीत बाहेर फेकले. १४ मे १९९५ रोजी सार्वमत घेतले : रशियनला बरोबरीचा दर्जा, झेंडा बदलणे, रशियाशी आर्थिक जवळीक, आणि विधिमंडळ बरखास्त करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला. भाषेच्या नावाखाली चौथी गोष्ट कशी सरकवली ते पाहा! मते मिळाली, झेंडा उतरवला, आणि साहेबांच्याच कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने त्याच्या चिंध्या केल्या.

त्यानंतर किती दिवस गेले असतील? तीन महिने! ऑगस्ट १९९५ मध्ये मिन्स्कच्या भुयारी रेल्वेचे कामगार पगारासाठी संपावर गेले. संप बळाने मोडला, कामगार काढून टाकले, आणि हुकूमनामा काढून स्वतंत्र युनियनचे काम बंद पाडले. मे महिन्यात भाषा, ऑगस्टमध्ये युनियन. दोन्हींवर सही एकाच माणसाची.

मग १९९९ मध्ये २९ नंबरचा हुकूम निघाला आणि कायम नोकरीच्या जागी मुदतीचे कंत्राट आले. वर्षाचे कंत्राट, फार तर पाच वर्षांचे. मुदत संपली की मालकाने कारण न देता "या आता" म्हणावे. होता होता बहुतेक सारे कामगार या जाळ्यात आले. बदली कामगाराने ज्याच्या हाती मस्टर त्याचे तोंड बघत रोज दारात उभे राहावे, तसे अख्खे राष्ट्र उभे केले. कागदावर संपाचा हक्क होता. पण उद्या कंत्राट संपणार असलेला माणूस आज संप कसा करणार?

तोवर भाषेचे काय झाले? १९९९ च्या खानेसुमारीत शंभरातल्या ७३ लोकांनी बेलारूसी ही मातृभाषा सांगितली होती. २००९ मध्ये सांगणारे ५३ उरले, आणि घरात ती बोलणारे तर २३ च. दहा वर्षांत शंभरातल्या वीस माणसांनी आईची भाषा 'आपली' म्हणणे सोडले! कोणी बंदुकीने ती हिसकली नाही. शाळा कमी केल्या, नोकरीत तिला किंमत ठेवली नाही, आणि ती बोलणारा माणूस म्हणजे सरकारचा वैरी, असा बोभाटा केला. एवढ्यावर काम भागले.

२०२० : "चालता हो!"

सव्वीस वर्षे झाली आणि ९ ऑगस्ट २०२० ची निवडणूक आली. विरोधात उभा राहणाऱ्या सेर्गेई त्सिखानोवस्कीला आधीच तुरुंगात टाकले होते. त्याच्या जागी त्याची बायको स्वियात्लाना उभी राहिली आणि गावोगाव तिच्या सभांना माणसांचा पूर लोटला. सरकारने निकाल सांगितला : लुकाशेंको ८०.१ टक्के, त्सिखानोवस्काया १०.१ टक्के. लोकांनी तो निकाल तोंडावर फेकला. पहिल्या चार दिवसांत सहा-सात हजार माणसे धरली. मिन्स्कच्या तुरुंगातून बाहेर आलेल्यांच्या पाठी-मांड्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. १० ऑगस्टला अलेक्सांद्र तराइकोवस्की हा निदर्शक गोळीने मेला. १२ तारखेला बायाबापड्या पांढरे कपडे घालून, हातात फुले घेऊन रस्त्यावर रांगा करून उभ्या राहिल्या.

आणि मग कारखाने उठले. मिन्स्कचा ट्रॅक्टर कारखाना, मोटार कारखाना, डंपरचा कारखाना, ग्रोद्नोचा खत कारखाना, सालिहोर्स्कच्या पोटॅशच्या खाणी! 'कामगार माझ्यामागे आहेत,' अशी साहेबांची घमेंड होती. १७ ऑगस्टला ते हेलिकॉप्टरमधून एका कारखान्यात उतरले आणि भाषण सुरू केले. समोरच्या कामगारांनी एकच आवाज लावला : "चालता हो!" सव्वीस वर्षांची घमेंड एका आवाजात उतरली.

मग हा लढा का हरला? कामगार भित्रे होते काय? मुळीच नाही. पण त्यांच्या हातातली हत्यारे पंचवीस वर्षांपूर्वीच काढून घेतली होती. युनियन दुबळी, नोकरी मुदतीची, संपाचा फंड नाही. खात्यात पोलीस उभे करून एकेकाला बाजूला घेतले : "सही कर, नाहीतर उद्या येऊ नकोस." ट्रॅक्टर कारखान्याचा कामगार सेर्गेई दिलेवस्की लढ्याच्या समन्वय मंडळात होता, त्याला महिनाअखेरच्या आत अटक झाली. ऑक्टोबरात देशव्यापी संपाची हाक दिली तेव्हा विद्यार्थी आले, दुकानदारांनी दुकाने लावली, पण मोठी खाती चालूच राहिली. वर्षअखेर धरलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर गेला होता.

पुढचा क्रम आता तुम्हीच ओळखाल. २०२१ मध्ये कामगार कायदा बदलला : निदर्शनासाठी कोठडीत राहून खाडा झाला तर नोकरी गेली, साथींना काम थांबवायला सांगितले तरी गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कारीनाच्या नावाची, १९८९ पासूनची बेलारूसी भाषा संस्था कोर्टाने मोडीत काढली. आठ महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, स्वतंत्र कामगार युनियनांचा महासंघ मोडीत काढला. त्याचा अध्यक्ष अलेक्सांद्र यारोशुक याला चार वर्षांची शिक्षा झाली. 'कामगार चळवळ' या नावाच्या गटातल्या साथींना २०२३ मध्ये देशद्रोही ठरवून दहा-दहा वर्षांहून जास्त सजा ठोकल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२३ मध्ये या सरकारविरुद्ध आपले सर्वांत कडक कलम लावले. तोवर ते फक्त म्यानमारविरुद्ध लावले गेले होते.

१९९५ : मे महिन्यात भाषा, ऑगस्टमध्ये युनियन. २०२१-२२ : नोव्हेंबरात भाषेची संस्था, जुलैत युनियन. हा योगायोग आहे काय? चोर एकाच घरात दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याच दोन कपाटांना हात घालतो, तर त्या दोन कपाटांतच घराचा जीव आहे, हे कळायला पंडित कशाला हवा?

कापडाचीही भीती!

कापड विणणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सरकारच्या आजच्या झेंड्यावर काठाला जी लाल-पांढरी नक्षी आहे, ती मात्रोना मार्केविच या खेड्यातल्या बाईने १९१७ मध्ये विणलेल्या नक्षीवरून घेतली आहे. कामकरी बाईची कारागिरी झेंड्यावर मिरवायची, आणि त्याच रंगांचे पांढरे-लाल-पांढरे मोजे कोणी घातले तर दंड करायचा! खिडकीत त्या रंगांचे फडके दिसले तरी पोलीस दारात. सैन्य आहे, तुरुंग आहेत, खजिना आहे, आणि भीती कशाची, तर हातभर कापडाची!

दोन्ही बाजूंना दोन शब्द

कोणी म्हणेल, २०२० चे निदर्शक आपसात बहुतेक रशियनच बोलत होते, मग भाषेचा संबंध काय? संबंध आहे. घरी रशियन बोलणारा माणूसही चौकात आला की देशाचा जयजयकार बेलारूसीत करी. खांद्यावर घेई तो १९९५ मध्ये फाडलेला झेंडा. रशियन बोलणाऱ्यांशी त्याचे भांडण नव्हते आणि आमचेही नाही. कोणतीही भाषा वैरी नसते. एका भाषेच्या पाठीवर दुसरी लादून माणसाला गप्प करणारी सत्ता वैरी असते. आणि गप्प केलेल्या देशाचे पुढे काय होते तेही पाहा : फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा याच भूमीवरून युक्रेनवर चालून गेल्या. बेलारूसच्या माणसाला कोणी विचारले नाही. तरीही तिथल्या काही रेल्वे कामगारांनी सिग्नलची यंत्रे निकामी करून त्या गाड्या अडवल्या आणि त्यापायी लांबच्या सजा भोगल्या.

भाषेच्या कैवाऱ्यांना आमचे सांगणे असे : कामगाराच्या पगाराची पावती वाचल्याशिवाय त्याला व्याकरण शिकवायला जाऊ नका. १९९५ चे सार्वमत नुसत्या दंडुक्याने जिंकले गेले नाही. उपाशी माणसाला भाषा ही शिकलेल्यांची चैन वाटू लागली होती, म्हणूनही ते जिंकले गेले.

आणि कामगार बंधूंनो, तुम्हाला सांगणे असे : आपल्या भाषेत कायदा नसला, नोटीस नसली, कोर्ट नसले, तर सही कशावर करतो तेच कळणार नाही. पहिले कंत्राट कळणार नाही अशा भाषेत येते, दुसरे मागल्या दाराने येते, आणि तिसरे येते तेव्हा विचारायला युनियन उरलेली नसते. भाषा आणि युनियन एकत्र चालली की काय होते, हे गिरणगावाला कोणी शिकवायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये लुकाशेंकोने सातव्यांदा, ८६ टक्क्यांवर मते मिळाल्याचे जाहीर करून घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये सेर्गेई त्सिखानोवस्की पाच वर्षांनी तुरुंगातून सुटला. ज्याचा चेहरा घरचेही ओळखणार नाहीत इतका वाळलेला तो माणूस सीमेपार नेऊन सोडला गेला. लढा संपला असे सरकार म्हणते. १८६४ मध्येही फास आवळल्यावर सरकार हेच म्हणाले होते!

हे पत्रक खिशात ठेवू नका. चाळीत वाचून दाखवा, सभेत वाचून दाखवा. आणि "भाषेने काय पोट भरते?" असे पुन्हा कोणी विचारले, तर त्याला मिन्स्कच्या कामगाराची गोष्ट सांगा आणि उलट विचारा : जीभ कापलेल्या माणसाने भाकरी मागायची कशी?

बेलारूसच्या लढाऊ कामगारांचा विजय असो!
भाकरी आणि भाषा यांची एकजूट अभंग राहो!